हेड प्रेशर उतरवलं तरी पुन्हा चढतं: कंडेन्सरमधला गॅस द्रव का होत नाही ते कसं शोधायचं

तक्रार ठरलेली असते. एसीचं किंवा कोल्ड रूमचं युनिट हेड प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूचा दाब, फार चढल्याने ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं. कोणीतरी येऊन थोडा गॅस सोडून देतो, काटा खाली येतो, युनिट चालू होतं. काही दिवसांनी थंडावा कमी पडतो, म्हणून गॅस वाढवला जातो. मग पुन्हा ट्रिप. या फेऱ्यात कॉम्प्रेसर जातो आणि नव्या कॉम्प्रेसरवरही तोच खेळ सुरू होतो, कारण दोष कॉम्प्रेसरमध्ये नव्हताच. कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकून गॅस द्रव करणाऱ्या नळ्यांत, आलेला गॅस ज्या दाबाला द्रव व्हायला हवा, त्या दाबाला तो होत नव्हता.

असं होण्याची कारणं तीनच प्रकारची आहेत. गॅसमधली उष्णता बाहेर जात नाही. किंवा द्रव व्हायला लागणारी जागा दुसऱ्या कशाने तरी व्यापली आहे. किंवा आत असा एखादा वायू शिरला आहे जो त्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होणार नाही. पहिलं कारण डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळे तिथेच थांबतात. पुन्हापुन्हा उलटणाऱ्या तक्रारींत तिसऱ्या कारणाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

आधी दाब तापमानात वाचा

गेजवरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. १७६ पीएसआय जास्त की कमी, हे गॅस कोणता आणि बाहेरची हवा किती गरम यावर ठरतं. कंडेन्सरमध्ये द्रव आणि वाफ एकत्र असतात, तेव्हा शुद्ध गॅसचा दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात: एक कळलं की दुसरं कळलंच. आर-१३४ए या गॅससाठी हे आकडे पाठ असले तरी चालतील (दाब गेजवरचा आहे):

| तापमान (अंश से.) | दाब (पीएसआय) |
|---|---|
| २५ | ८२ |
| ३० | ९७ |
| ३५ | ११४ |
| ४० | १३३ |
| ४५ | १५४ |
| ५० | १७६ |
| ५५ | २०२ |
| ६० | २२९ |

दुसरा गॅस असेल तर त्याचा तक्ता घ्या. मॅनिफोल्डच्या, म्हणजे होज लावलेल्या गेजच्या जोडीच्या, डायलवर तीन-चार गॅसांची तापमानं छापलेली असतात. घाईत आर-२२ चं वर्तुळ वाचून आर-१३४ए चं निदान केलेलं सर्रास आढळतं. गेज जोडण्याआधी मोकळ्या हवेत काटा शून्यावर आहे ना, तेही पाहा. पाच पीएसआयने सरकलेला काटा पुढचं सगळं गणित बिघडवतो.

दाबावरून निघालेलं हे तापमान म्हणजे कंडेन्सिंग तापमान. त्यातून कंडेन्सरवर येणाऱ्या हवेचं तापमान वजा करा. हवेवर थंड होणाऱ्या युनिटमध्ये हा फरक साधारण १० ते १५ अंश असतो, जुन्या लहान कंडेन्सरमध्ये १७ पर्यंत जातो. हवा ३२ अंश आणि गेजवर १५४ पीएसआय, म्हणजे ४५ अंश: फरक १३, तक्रारीला जागा नाही. हवा तीच पण गेजवर २०२ पीएसआय, म्हणजे फरक २३: आता शोधायला लागा. हवेचं तापमान कॉइलच्या तोंडाशी मोजायचं, सावलीतल्या भिंतीवर नाही. बंद कोपऱ्यात बसवलेलं युनिट स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. बाहेर ३२ अंश असताना कॉइलवर ४० अंशांची हवा येत असेल, तर युनिटमध्ये काहीच बिघडलेलं नाही, त्याची जागा बिघडलेली आहे.

एक सावधगिरी. तापलेली खोली किंवा माल गार करायला घेतल्यावर पहिली १५-२० मिनिटं हेड प्रेशर चढलेलंच असतं. त्या वेळचा आकडा निदानात धरू नका.

आत काय घडायला हवं

कॉम्प्रेसरमधून निघालेला गॅस कंडेन्सिंग तापमानापेक्षा बराच गरम असतो. पहिल्या काही नळ्यांत तो फक्त निवतो. मग एका ठरावीक तापमानाला येऊन थबकतो आणि तिथे द्रव होऊ लागतो. उष्णता जात राहते, तापमान हलत नाही. सगळा द्रव झाला की शेवटच्या नळ्यांत तो द्रव आणखी थोडा निवतो, यालाच सबकूलिंग म्हणतात.

आकड्यांत पाहा. आर-१३४ए ४० अंशांना द्रव होताना किलोमागे सुमारे १६३ किलोज्यूल सोडतो. ७० अंशांवरून ४० वर निवताना सुटतात जेमतेम ३३-३५, आणि शेवटच्या सहा अंशांच्या सबकूलिंगमध्ये ९. म्हणजे ऐंशी टक्के उष्णता मधल्या टप्प्यात, तापमान न बदलता बाहेर पडते. त्याच ४० अंशांना एक घनमीटर वाफेचं वजन ५० किलो, तर एक घनमीटर द्रवाचं ११४७ किलो. द्रव झालेला गॅस तेविसाव्या हिश्शात मावतो, म्हणून मागून येणाऱ्या गॅसला जागा होते. हे आकसणं मंदावलं की कॉम्प्रेसर गॅस ढकलत राहतो, जागा होत नाही आणि दाब चढतो. दाब चढला की कंडेन्सिंग तापमान वर जातं, बाहेरच्या हवेशी फरक वाढतो आणि उष्णता पुन्हा जाऊ लागते. म्हणजे वाढलेलं हेड प्रेशर ही त्या यंत्रणेने स्वतःपुरती काढलेली तडजोड असते. गॅस सोडून काटा खाली आणला तर ती तडजोड मोडते, मूळ अडथळा जागेवरच राहतो. कट-आउटचं, म्हणजे दाब चढल्यावर युनिट बंद करणाऱ्या स्विचचं, सेटिंग वाढवणं किंवा त्याला वायर मारून तो बायपास करणं हा तर सरळ धोका आहे. ते कधीही करू नका.

डोळ्यांना दिसणारी कारणं, थोडक्यात

कॉइल धुतलेली दिसते म्हणून ती स्वच्छ असेलच असं नाही. दोन ओळींच्या कॉइलमध्ये दोन ओळींच्या मधोमध धुळीची चादर बसते आणि बाहेरून चकचकीत फिनच दिसतात. मागे दिवा धरून आरपार बघा. पाणी हवेच्या उलट दिशेने, म्हणजे आतून बाहेर मारायचं, बेताच्या दाबाने. प्रेशर वॉशरने फिन लोळतात आणि मग दुखण्यापेक्षा औषध वाईट अशी गत होते. ॲल्युमिनियमच्या फिनवर ॲसिड वापरू नका.

पंखा चालू आहे, यावर समाधान मानू नका. दुपारीच ट्रिप होणाऱ्या युनिटमध्ये पंख्याची मोटर तापल्यावर मंदावत असते. सकाळी तपासली तर ठणठणीत. युनिट चाळीस मिनिटं चालू ठेवून मग वेग पाहा, कपॅसिटर मीटरवर मोजा. छापील मायक्रोफॅरडपेक्षा सहा टक्क्यांहून खाली गेला असेल तर बदला. थ्री फेज पंख्याचे दोन फेज अदलाबदल झाले तर तो उलटा फिरतो, आवाज तसाच येतो, हवा मात्र निम्म्याहून कमी.

पाण्यावर थंड होणाऱ्या कंडेन्सरमध्ये एक टनाच्या शीतकरणामागे मिनिटाला सुमारे ११.४ लिटर पाणी आणि त्यात साडेपाच अंशांची वाढ, हे नेहमीचं माप. पाणी पुरेसं असून त्याची वाढ कमी आणि हेड प्रेशर जास्त, म्हणजे नळ्यांत क्षार बसलेत. वाढ आठ-दहा अंश झाली असेल तर पाणीच कमी आहे: स्ट्रेनर, पंप, अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह, या क्रमाने जा.

सबकूलिंग मोजल्यावर होणारी गल्लत

आता कॉइल स्वच्छ, पंखा चांगला, हवा मोकळी, आणि फरक तरीही वीसच्या वर. कंडेन्सरमधून निघणाऱ्या लिक्विड लाइनवर थर्मामीटरचा प्रोब नीट बांधा, वरून इन्सुलेशन गुंडाळा, आणि कंडेन्सिंग तापमानातून ते तापमान वजा करा. पाच ते आठ अंश सबकूलिंग ठीक. बारा-पंधरा आलं की बहुतेक जण म्हणतात, गॅस जास्त झालाय, काढा.

कधीकधी ते खरं असतं. जास्तीचा द्रव खालच्या नळ्यांत तुंबतो, तेवढ्या नळ्या गॅसला द्रव करायच्या कामातून बाद होतात, उरलेल्या नळ्यांवर भार येतो. फिल्टर ड्रायर (ओल आणि कचरा धरणारी गाळणी) तुंबला तरी द्रव मागे साचतो. मात्र तेव्हा सक्शन प्रेशरही (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) पडलेलं असतं आणि ड्रायरच्या दोन टोकांत दोन अंशांहून जास्त फरक हाताला लागतो.

पण आत हवा असेल तरीही सबकूलिंग जास्तच दिसतं, आणि हे दिसणं खोटं असतं. कारण तुम्ही कंडेन्सिंग तापमान एकूण दाबावरून काढलंत. त्या दाबातला काही भाग हवेचा आहे. गॅस मात्र फक्त स्वतःच्या वाट्याच्या दाबाला बांधलेला असतो, शेजारी कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आंशिक दाबांचा हा नियम जॉन डाल्टनने दोनशे वर्षांपूर्वी मांडला, आणि गॅस चार्जिंगच्या कामात तो रोज विसरला जातो.

मग ओळखायचं कसं? कंडेन्सरच्या मधल्या एखाद्या यू-बेंडवर, म्हणजे नळीच्या वळणावर, प्रोब बांधा, जिथे गॅस नक्की द्रव होत असतो. पहिली एक-दोन आणि शेवटची दोन वळणं टाळा. युनिट चालू असताना या वळणाचं तापमान आणि गेजवरून काढलेलं तापमान एक-दोन अंशांच्या आत जुळायला हवं. उदाहरणार्थ गेजवर २०२ पीएसआय म्हणजे ५५ अंश, आणि वळणावर ४६. गॅस ४६ अंशांना द्रव होतोय, म्हणजे त्याचा स्वतःचा दाब १५८ च्या आसपास. वरचे चाळीसेक पीएसआय कोणाचे? जास्त गॅस भरल्याने हा फरक पडत नाही, मळलेल्या कॉइलनेही पडत नाही. तो आत शिरलेल्या परक्या वायूचाच.

मिश्र गॅसांत ही चाचणी जपून करा. आर-४०७सी सारख्या गॅसचं तापमान द्रव होतानाच पाच-सहा अंश घसरतं, त्यामुळे एवढ्या फरकाला तिथे काही अर्थ नाही. आर-४१०ए मध्ये ही घसरण नगण्य आहे, तिथे चालेल.

हवा द्रव का होत नाही

प्रत्येक वायूचं एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर असताना तो वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही. थॉमस अँड्र्यूजने १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवर हे दाखवून दिलं. त्याचं क्रांतिक तापमान ३१ अंश. त्याआधी मायकेल फॅरेडेने क्लोरिनसह बरेच वायू द्रव करून दाखवले होते, पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन यांच्यापुढे त्याचेही प्रयत्न थकले, आणि या वायूंना 'कायम वायू' असं नाव पडलं. कमी पडत होती ती थंडी, दाब नव्हे. ऑक्सिजन उणे ११८ च्या वर, नायट्रोजन उणे १४७ च्या वर द्रव होऊच शकत नाही.

तुमच्या कंडेन्सरमध्ये आर-१३४ए आहे, क्रांतिक तापमान १०१ अंश; किंवा आर-२२, ९६ अंश; किंवा आर-४१०ए, ७१ च्या थोडं वर; किंवा आर-३२, ७८ अंश. पन्नास अंशांवर हे सगळे निमूटपणे द्रव होतात. त्यांच्यासोबत शिरलेली हवा किंवा नायट्रोजन वायूच राहतो. खाली द्रवाने अडवलेली वाट त्याला ओलांडता येत नाही, म्हणून तो कंडेन्सरच्या आणि रिसीव्हरच्या (द्रव साठवणाऱ्या टाकीच्या) वरच्या भागात अडकून पडतो. (कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या यंत्रणेत उन्हाळ्यात गॅस द्रवच होत नाही, तो क्रांतिक बिंदूच्या वर नुसता निवतो. तिथे सबकूलिंग शोधत बसू नका.)

नुकसान नुसतं दाबापुरतं थांबत नाही. नळीच्या भिंतीशी गॅस द्रव होऊन वाहून जातो, हवा मागे उरते, आणि भिंतीलगत तिचा पातळ पडदा तयार होतो. पुढच्या गॅसला त्या पडद्यातून वाट काढत भिंतीपर्यंत पोचावं लागतं. त्यामुळे अगदी थोडी हवाही उष्णता जाण्याचा वेग लक्षणीय घटवते. शिवाय कॉम्प्रेसर जास्त दाबाविरुद्ध काम करतो, डिस्चार्ज तापतो. कॉम्प्रेसरपासून १५ सेंटिमीटरवर डिस्चार्ज पाइप १०५ अंशांच्या वर जात असेल तर आत व्हॉल्व्हपाशी तेल जळायला लागलंय असं समजा. हवेतला ऑक्सिजन आणि ओल यांनी तेल आम्ल होतं, ते मोटरच्या वाइंडिंगला खातं. 'कॉम्प्रेसर उगाच जळाला' या वाक्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

बंद ठेवून खात्री करून घेणं

वळणावरच्या चाचणीने संशय आला की ही दुसरी चाचणी करा. लिक्विड लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून गॅस कंडेन्सर-रिसीव्हरमध्ये गोळा करा, म्हणजे पंप डाउन करा. सक्शन शून्याच्या जरा वर असतानाच थांबा. खाली व्हॅक्यूममध्ये नेलंत तर गळतीतून आणखी हवा ओढाल. कॉम्प्रेसर बंद, डिस्चार्ज व्हॉल्व्ह असेल तर तोही बंद. कंडेन्सरचा पंखा मात्र चालू ठेवा. लिक्विड लाइनचं तापमान आणि हवेचं तापमान एक झालं की, साधारण अर्ध्या तासात, गेज वाचा.

हवा ३२ अंश असेल तर आर-१३४ए चा दाब १०४ पीएसआयच्या जवळ हवा. दोन-तीन पीएसआयची चूक मोजमापातली समजा. १२८ दिसलं तर २४ पीएसआय परक्या वायूचे. कंडेन्सरमध्ये वाफेला दोन लिटर जागा असेल, तर ही हवा चार ग्रॅमसुद्धा भरत नाही. एवढ्याशा हवेवर युनिट ट्रिप होतं, हे वजनकाट्यावर कधीच कळणार नाही.

व्हॉल्व्ह नसलेल्या युनिटमध्ये सगळं युनिट एका तापमानाला येईपर्यंत थांबावं लागतं. त्यातही एक खोट आहे: बंद केल्यावर हवा सगळीकडे पसरते, त्यामुळे फरक कमी दिसतो, चालू असताना तीच हवा कंडेन्सरमध्ये लोटली जाते आणि फरक मोठा होतो. घरगुती फ्रिजवर तर ही चाचणी करूच नका. त्यात गॅस इतका कमी असतो की बंद पडून गरम झाल्यावर सगळाच्या सगळा वाफ होऊन बसतो, द्रवाचा थेंब उरत नाही. द्रव नसेल तर दाब-तापमानाचा तक्ता लागू होत नाही, दाब तक्त्यापेक्षा कमीच येतो आणि आतली हवा झाकली जाते.

हवा येते कुठून

सगळ्यात मोठं दार म्हणजे नायट्रोजन टेस्टनंतरची घाई. दाब तपासला, नायट्रोजन सोडला, काटा शून्यावर आला, गॅस भरला. काटा शून्यावर म्हणजे युनिट रिकामं नव्हे. पाच लिटरच्या यंत्रणेत तेव्हा वातावरणाच्या दाबाचा पाच लिटर नायट्रोजन बसलेला असतो. गॅस भरून आतली हवा 'पुढे ढकलून' काढणं हाही याचाच भाऊ.

दुसरं, दिसायला व्हॅक्यूम मारलेला पण प्रत्यक्षात नाही. साध्या गेजचा काटा ३० इंचाला टेकला की पंप बंद केला जातो. त्या काट्याला ५००० मायक्रॉन आणि ५०० मायक्रॉन सारखेच दिसतात (मायक्रॉन हे आत उरलेल्या दाबाचं माप, जितकं कमी तितका व्हॅक्यूम खोल). २५ अंशांना पाणी उकळायला २३,७०० मायक्रॉनच्या खाली जावं लागतं. म्हणजे पाणी अजून उकळत असतानाच काटा जवळजवळ टोकाला गेलेला असतो. मायक्रॉन गेजशिवाय मारलेला व्हॅक्यूम हा अंदाज आहे, मोजमाप नाही.

तिसरं, होज. दीड मीटर लांब आणि आतून पाच मिलिमीटरच्या होजमध्ये तीसेक मिलिलिटर हवा असते. मोठ्या युनिटला ती एकदा गेली तर चालते. पण दर आठवड्याला टॉप-अप होत असेल तर प्रत्येक वेळी तेवढी आत जाते.

चौथं, आणि सगळ्यात फसवं: लो साइडची, म्हणजे बाष्पकापासून (जिथे गॅस उष्णता शोषतो) कॉम्प्रेसरपर्यंतच्या कमी दाबाच्या बाजूची, गळती. लो साइडचा दाब वातावरणापेक्षा खाली असेल तर गळतीतून गॅस बाहेर येत नाही, हवा आत जाते. साबणाचा फेस बुडबुडा दाखवत नाही, डिटेक्टर गप्प राहतो. आर-१३४ए उणे २६ च्या खाली, अमोनिया उणे ३३ च्या खाली, आर-२२ उणे ४१ च्या खाली बाष्पीभवन करत असेल तर ही स्थिती येते. आर-६००ए तर उणे १२ च्या खालीच व्हॅक्यूममध्ये जातो, म्हणजे त्या गॅसवरचा फ्रिज चालताना लो साइडला नेहमीच व्हॅक्यूम असतो. अशा फ्रिजमध्ये बाष्पकाच्या जोडाला केसाएवढी भेग पडली की हवा आणि ओल रोज आत येते. आर-६००ए आणि आर-२९० ज्वलनशील आहेत. आत हवा मिसळली असल्याचा संशय असताना त्या पाइपला ज्योत लावू नका.

पाचवं, सिलिंडर. गॅस भरण्याआधी सिलिंडरचं तापमान आणि दाब तक्त्याशी जुळवून पाहायला दोन मिनिटं लागतात. रिकव्हरीच्या सिलिंडरमध्ये हवा हमखास सापडते. दाब कमी आला तर गॅसच वेगळा आहे, तो वापरू नका. नकली गॅसमध्ये क्लोरोमिथेन मिसळल्याने २०११ मध्ये जहाजी वाहतुकीच्या रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरचे स्फोट होऊन माणसं दगावली होती. ते रसायन ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करून हवेत आपोआप पेट घेणारं संयुग बनवतं.

काढायचं कसं

कंडेन्सरच्या वरच्या टोकाला व्हॉल्व्ह उघडून हवा 'उडवून' देण्याची पद्धत जुनी आहे. लहान युनिटवर ती करू नका. हवेबरोबर बराच गॅस जातो, उरलेला किती हे कळत नाही, आणि हे बहुतेक गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडला हजारपटीने मागे टाकतात. सक्शनच्या किंवा लिक्विडच्या पोर्टमधून सोडलंत तर आणखीच उफराटं होतं: गॅस जातो, हवा वर तशीच बसून राहते. सुरुवातीला सांगितलेला फेरा यातूनच जन्मतो. मोठ्या अमोनिया प्लँटला मात्र एअर पर्जर असतो. तो मिश्रणाला बाष्पकाच्या तापमानापर्यंत थंड करतो, गॅस द्रव होऊन परत जातो, फक्त हवा बाहेर पडते. तो नियमित चालतोय ना हे पाहायचं.

बाकी ठिकाणी पूर्ण उपसाच करावा लागतो.

सगळा गॅस रिकव्हरी मशीनने व्हॅक्यूम मारलेल्या रिकाम्या सिलिंडरमध्ये काढा, ८० टक्क्यांच्या वर भरू नका, चिठ्ठी लावा. हाच गॅस पुन्हा टाकला तर हवाही परत जाईल.

कोरड्या नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून, नेमप्लेटवरच्या दाबाच्या मर्यादेत टेस्ट करा. ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची हवा कदापि नको. तेल आणि ऑक्सिजन दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो. रात्रभर ठेवणार असाल तर तापमान लिहून ठेवा: ३५ अंशांना ३०० पीएसआय भरलेला नायट्रोजन २५ अंशांना गळती नसतानाही २९० दाखवतो. लो साइड वेगळी तपासा, कारण चालू असताना तिची गळती दिसत नाही, आता दाबाखाली दिसेल.

ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजनची हलकी धार चालू ठेवा, नाहीतर पाइपच्या आत काळे पापुद्रे धरतात आणि पुढे कॅपिलरीत (बाष्पकाआधीच्या बारीक नळीत) अडकतात. फिल्टर ड्रायर नवा बसवा. पॉलिओलएस्टर तेल ओल शोषून धरतं, ती व्हॅक्यूमने पुरती निघत नाही. ते काम ड्रायरच करतो.

व्हॅक्यूम दोन्ही बाजूंनी, व्हॉल्व्ह कोअर काढून, जाड होजने मारा. पंपाचं तेल दुधाळ झालं असेल तर आधी बदला. मायक्रॉन गेज पंपाजवळ नको, युनिटच्या दूरच्या टोकाला लावा. ५०० मायक्रॉनपर्यंत गेल्यावर पंप तोडून दहा मिनिटं थांबा. आकडा हजाराच्या आत थांबला तर ठीक. दीड-दोन हजारावर जाऊन स्थिरावला तर आत ओल आहे: कोरडा नायट्रोजन वातावरणाच्या जरा वर भरा, सोडा, पुन्हा पंप लावा, गरज पडल्यास तिसऱ्यांदा. चढतच राहिला तर गळती आहे. आणखी चार तास पंप चालवून ती बुजणार नाही.

मग नेमप्लेटवरचं वजन काट्यावर मोजून गॅस भरा, होज व्हॅक्यूममध्ये ओढलेली असताना. मिश्र गॅस सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यायचा, कारण वाफेतून घेतला तर त्याचे घटक कमीजास्त प्रमाणात येतात. दाब बघून गॅस भरण्याची सवय इथे मोडावीच लागेल. हवा असताना दाब खोटं बोलत होता, म्हणूनच चार्ज चुकला होता.

वीस मिनिटं चालल्यावर चार आकडे लिहून युनिटवर चिकटवा: कॉइलवरची हवा, गेजवरून कंडेन्सिंग तापमान, मधल्या वळणाचं तापमान, लिक्विड लाइनचं तापमान. आठवड्याने पुन्हा तेच चार घ्या. गेज आणि वळण यांतला फरक तेव्हा एक अंश होता आणि आता चार झाला असेल, तर हवा भरताना नाही, चालताना शिरतेय. मग युनिट बंद करून लो साइडला नायट्रोजनचा दाब द्या आणि बाष्पकाचे जोड, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या कॅप, लो प्रेशर स्विचची बारीक नळी आणि उघड्या कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील फेसाने तपासा. बहुधा त्या चारांपैकी एकात बुडबुडा येईल.